साथीचा संच आणि रसिकांचा वाद : गंधर्व नाटक मंडळीच्या निमित्ताने एक विचार

प्रस्तावना

दीर्घकाळ टिकलेल्या कोणत्याही संगीतसंस्थेच्या चाहत्यांमध्ये एक वाद हमखास आढळतो. संस्था तीच असते, प्रमुख गायकही बहुधा तोच असतो. परंतु त्याच्या साथीला बसणारी माणसे काळानुसार बदलत गेलेली असतात. मग यांपैकी कोणत्या काळातील संच सर्वश्रेष्ठ, असा प्रश्न उपस्थित होतो आणि चर्चा तासन्‌तास रंगते. पाश्चात्त्य रॉक संगीतात हा वाद प्रामुख्याने गिटारवादकांच्या जोडीवरून होतो. मराठी संगीत रंगभूमीच्या रसिकांत तो ऑर्गन, सारंगी आणि तबला यांच्या साथीवरून होत आला आहे. समीक्षकांनी मात्र या वादाकडे आवडीनिवडीचा प्रश्न म्हणून पाहिले व त्याची फारशी दखल घेतली नाही.

प्रस्तुत लेखात गंधर्व नाटक मंडळीच्या साथसंगतीच्या संदर्भात या वादाचा विचार करावयाचा आहे. वादातील पक्ष कोणत्या निकषांवर उभे आहेत, ते निकष कितपत टिकतात आणि या वादातून समीक्षेला काय मिळू शकते, हे तपासणे हा लेखाचा हेतू होय. रसिकांचा हा वाद अनेकदा चुकीच्या प्रमाणांवर चालतो. तरीही साथीदारांची नावे आणि त्यांची कामगिरी जिवंत ठेवण्याचे कार्य प्रामुख्याने त्यानेच केले आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

खानदेश आणि संगीत रंगभूमी

या विषयाशी खानदेशाचे नाते जवळचे आहे. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी बालवयात गाण्याचे प्रारंभीचे धडे जळगाव येथे महबूबखाँ यांच्याकडे घेतले. बलवंत संगीत मंडळीचे दीनानाथ मंगेशकर यांची सासुरवाडी धुळे जिल्ह्यातील थाळनेरची. मुंबई–भुसावळ लोहमार्गामुळे चाळीसगाव, जळगाव ही गावे मुंबईशी जोडली गेली होती आणि कापसाच्या व्यापारामुळे येथील बाजारपेठांत नाटकाला आश्रय देणारा वर्ग तयार झाला होता. आजही जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचे नाव आहे आणि त्यांच्याच नावाचा संगीत महोत्सव शहरात भरतो. अशा प्रसंगी नाट्यगृहाबाहेर चहाच्या पेल्याबरोबर जी चर्चा चालते, तिचे मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या साथसंगतीपर्यंत जाऊन पोहोचते.

यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बालगंधर्वांच्या घडणीत देवल, खाडिलकर, भास्करबुवा बखले यांची नावे सर्वत्र आदराने घेतली जातात. महबूबखाँ यांचे नाव चरित्रातील एका वाक्यापुरते येते. पुढे साथीदारांच्या बाबतीत जे घडले, त्याचीच ही पूर्वसूचना म्हणावी लागेल.

वादाचे स्वरूप

५ जुलै १९१३ रोजी बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. १९१५ मध्ये टेंबे यांनी मंडळी सोडली व स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. १९१६ साली आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकाचे संगीत भास्करबुवा बखले यांचे. १९२२ मध्ये बखले यांचे निधन झाले व त्यानंतर मास्टर कृष्णराव यांच्याकडे संगीताची धुरा आली; १९३१ चे ‘कान्होपात्रा’ हे त्या पर्वातील गाजलेले नाटक. १९३५ च्या ‘धर्मात्मा’ या प्रभातच्या चित्रपटापर्यंत येता येता मंडळीचा वैभवकाळ संपलेला होता.

या सुमारे दोन दशकांत साथीची बाजूही स्थिर नव्हती. तथापि रसिकांच्या स्मृतीत एक संच पक्का बसला आहे : तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर कांबळे. या संचाला सर्वश्रेष्ठ मानणारा पक्ष मोठा आहे. दुसरा पक्ष टेंबे यांच्या काळाकडे बोट दाखवतो. पेटीवादक असलेल्या संगीतकाराने चाली बांधल्या, त्यामुळे वाद्य व गळा यांचे जे एकत्व ‘मानापमान’च्या पदांत साधले, ते पुढे राहिले नाही, असे या पक्षाचे म्हणणे. तिसरा पक्ष उत्तरकाळातील बैठकींचा व भजनांचा चाहता आहे. नाटकाचा सरंजाम गळून पडल्यावर मोजक्या साथीत उरलेले गाणे त्याला अधिक आर्त वाटते.

प्रत्येक पक्षाकडे आपापली ध्वनिमुद्रणे व वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले प्रसंग असतात. मात्र तिन्ही पक्षांत एक समान उणीव दिसते. साथीदार स्वतंत्र वादक म्हणून किती मोठा होता, यावरून तो साथीला किती चांगला होता हे ठरविण्याची प्रवृत्ती सर्वांतच आहे. थिरकवाँसाहेबांच्या बाबतीत ती विशेष जाणवते. पुढे ते रामपूर दरबारात गेले, लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या उत्तरायुष्यातील एकल वादनाची ध्वनिमुद्रणे ऐकून त्यांची थोरवी सिद्ध होते यात शंका नाही. परंतु नाटकाच्या पदामागे त्यांनी काय केले, हे त्या ध्वनिमुद्रणांतून कळत नाही. कायदे, रेले आणि गती यांचे भांडार जवळ असलेला वादक पदाच्या अंतऱ्यात साधा ठेका धरून बसतो, तेव्हा त्याचे मोठेपण त्याने न वाजविलेल्या बोलांत शोधावे लागते.

साथ म्हणजे काय ?

म्हणून वादाचा निवाडा करण्यापूर्वी नाट्यपदाच्या साथीकडून नेमकी कोणती अपेक्षा असे, हे स्पष्ट करणे आवश्यक ठरते. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात शेकडो प्रेक्षकांच्या नाट्यगृहात, रात्र-रात्र चालणाऱ्या प्रयोगात, मागून मागून ‘वन्समोअर’ घेत गायचे असे. त्यातही गाणारा नट केवळ गायक नसून त्या वेळी रुक्मिणी, सिंधू किंवा कान्होपात्रा असे. साथीला तीन कामे एकाच वेळी करावी लागत.

पहिले काम नादाचा आधार देण्याचे. येथे ऑर्गनचे महत्त्व आहे. भाता पायाने चालत असल्यामुळे वादकाचे दोन्ही हात मोकळे राहतात, स्वर अखंड टिकतो आणि नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. परंतु पट्टीवरचा स्वर जागेवर खिळलेला असतो; दोन स्वरांमधला प्रवास त्यातून दाखविता येत नाही. दुसरे काम गळ्याच्या मागोमाग जाण्याचे. मींड, कण, स्वराचे किंचित उतरणे वा चढणे हे सारंगीच टिपू शकते, कारण तिच्या तारेवर स्वरांच्या सीमा आखलेल्या नाहीत. गायकाने श्वास घेतला तरी त्याच्या स्वराची सावली सारंगीत क्षणभर रेंगाळते. तिसरे काम लयीचे. अभिनयाच्या ओघात नट शब्दावर थांबतो, एखादी जागा पुन्हा घेतो, समेवर येण्यापूर्वी प्रेक्षकांकडे पाहतो. अशा वेळी लय न डगमगता नटाला मोकळीक देणे हे तबल्याचे कर्तव्य.

या दृष्टीने पाहता ऑर्गन व सारंगी ही परस्परांना पर्याय नसून पूरक वाद्ये ठरतात. ऑर्गन जे करू शकत नाही ते सारंगी करते आणि सारंगीच्या आवाजाला जी मर्यादा आहे ती ऑर्गन भरून काढतो. बालगंधर्वांच्या गळ्याचा विशेष सूक्ष्म स्वरस्थाने व लयीशी केलेली हळुवार लडिवाळ खेळी यांत होता, हे सर्वमान्य आहे. अशा गळ्याला केवळ पट्टीच्या वाद्याची साथ मिळाली असती, तर गाणे व साथ यांत एक फट सतत जाणवत राहिली असती. थिरकवा–कादरबक्ष–कांबळे या संचाच्या बाजूने सर्वांत बळकट युक्तिवाद हाच आहे. तिघांतील प्रत्येकाच्या कीर्तीपेक्षा तीन कामांची वाटणी अधिक महत्त्वाची आहे.

मात्र यावरून टेंबे-पक्ष चुकीचा ठरत नाही. १९११ च्या ‘मानापमान’मध्ये टेंबे यांनी उत्तरेकडील ठुमरी, कजरी, गझल अशा प्रकारांच्या वळणाच्या चाली आणल्या. या चालींत शब्दाशी खेळणे, लहान हरकती, झटपट पलटे यांना वाव आहे आणि पेटीच्या पट्ट्यांवर त्या सहज उमटतात. भास्करबुवांच्या ‘स्वयंवर’मध्ये ख्यालाच्या बंदिशींचा पाया आहे, तेथे आलापाला अवकाश असून सारंगीची गरज वाढते. ‘कान्होपात्रा’मध्ये अभंग आले, भजनी ठेक्याचे महत्त्व वाढले आणि तबल्याकडून वेगळ्या प्रकारचे वजन अपेक्षित झाले. तात्पर्य, संगीतकार बदलला की साथीचे कामही बदलले. ‘कोणता संच श्रेष्ठ’ हा प्रश्न ‘कोणत्या नाटकासाठी’ हे सांगितल्याशिवाय पूर्ण होत नाही.

एक समांतर उदाहरण

या प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होण्यासाठी रॉक संगीतातील एका उदाहरणाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. १९६२ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या ‘रोलिंग स्टोन्स’ या वाद्यवृंदात कीथ रिचर्ड्स हे गिटारवादक प्रारंभापासून आहेत. त्यांचा जोडीदार मात्र दोनदा बदलला. प्रथम ब्रायन जोन्स, १९६९ पासून १९७४ पर्यंत मिक टेलर आणि १९७५ पासून रॉनी वूड. या तीन जोड्यांपैकी कोणती श्रेष्ठ, यावर त्यांच्या चाहत्यांत अर्धशतक वाद सुरू आहे.

जोन्स हे अनेक वाद्ये हाताळणारे. १९६६ च्या ‘पेंट इट ब्लॅक’ या गाण्यात त्यांनी सतार वाजविली. टेलर यांचे गिटारवादन प्रवाही व सुरेल, स्वतंत्र आलापीसारखे. ‘स्टिकी फिंगर्स’ (१९७१) व ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ (१९७२) हे त्या काळातील ध्वनिमुद्रिकासंच. वूड आल्यानंतर मुख्य गिटार व साथीची गिटार हा भेद पुसट झाला आणि दोन्ही वादक एकमेकांच्या फटीत स्वर विणू लागले. टेलर यांचे चाहते वादकाच्या कौशल्याला प्रमाण मानतात, वूड यांचे चाहते जोडीच्या एकजीवपणाला, तर जोन्स यांचे चाहते नादाच्या वैविध्याला. गंधर्व मंडळीच्या रसिकांत आढळणारे निकषच येथे वेगळ्या वेषात भेटतात. टेलर यांच्या वादनाला मिळणारा कौल आणि थिरकवाँसाहेबांच्या एकल वादनावरून दिला जाणारा कौल यांची जातकुळी एकच आहे.

परंतु एक मोठा फरक आहे. रोलिंग स्टोन्सच्या तिन्ही काळांची विपुल ध्वनिमुद्रणे, चित्रफिती व मुद्रित नोंदी उपलब्ध आहेत. कोणताही चाहता उद्या तिन्ही जोड्या ऐकून आपले मत बदलू शकतो. त्या वाद्यवृंदातील पियानोवादक इयन स्ट्युअर्ट यांचे उदाहरण तर बोलके आहे. १९६३ मध्ये व्यवस्थापकाच्या आग्रहावरून त्यांना अधिकृत सदस्यत्वातून वगळण्यात आले, तरी १९८५ मध्ये निधन होईपर्यंत ते या वाद्यवृंदासाठी पियानो वाजवीत राहिले. चाहत्यांनी व अभ्यासकांनी त्यांचे नाव टिकवून ठेवले आणि १९८९ मध्ये वाद्यवृंदाचा ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला, तेव्हा त्यात स्ट्युअर्ट यांचेही नाव होते. मागे ठेवलेल्या साथीदाराला नोंदीत परत आणता येते, हे यावरून दिसते.

प्रमाणांचा अभाव आणि त्याची कारणे

आपल्याकडे अशी दुरुस्ती कठीण का झाली, याचा विचार केला पाहिजे. बालगंधर्वांच्या पदांच्या तबकड्या प्रति मिनिट ७८ फेऱ्यांच्या होत्या. एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत. रंगमंचावर ‘वन्समोअर’सह जे पद कितीतरी अधिक काळ रंगे, त्याचा हा आटवलेला नमुना होय. त्या काळच्या ध्वनिमुद्रणतंत्रात गळा पुढे येई व साथ मागे राही. तबकडीच्या चिठ्ठीवर गायकाचे व नाटकाचे नाव असे. साथीदारांची नावे क्वचितच असत. नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ज्या मूळ चीजेवरून चाल घेतली तिचा उल्लेख सापडतो. ते पद वाजविणाऱ्याचा उल्लेख असण्याचे कारणच नव्हते. टेंबे यांचा ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९) किंवा बोडस यांचे ‘माझी भूमिका’ (१९४०) यांसारखी पुस्तके मोलाची आहेत. परंतु ती भागीदारांनी, म्हणजे मंचावरच्या माणसांनी लिहिलेली आहेत.

याला सामाजिक कारणही आहे. सारंगी व तबला ही वाद्ये परंपरेने व्यावसायिक मुस्लिम घराण्यांच्या हाती होती आणि कोठीवरील गाण्याशी असलेल्या संबंधामुळे सारंगीकडे प्रतिष्ठित समाज संशयाने पाही. संगीत नाटकाने मध्यमवर्गीय कुटुंबाला गाणे ऐकण्याची प्रतिष्ठित जागा मिळवून दिली, हे त्याचे श्रेय आहेच. परंतु या प्रतिष्ठेच्या वाटेवर पेटी व ऑर्गन ही वाद्ये ‘घरात चालणारी’ ठरली, तर सारंगी हळूहळू मागे पडली. पेटीलाही सुख नव्हते. १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली व ती १९७१ पर्यंत टिकली. तो आक्षेप स्वरशास्त्राच्या भाषेत मांडला गेला. सारंगीच्या बाबतीत आक्षेप क्वचितच उघडपणे मांडला गेला. वाद्य गेले, वादक गेले आणि त्यांच्या जाण्याची नोंदही राहिली नाही. कादरबक्ष यांच्याविषयी आज आपल्याला जे सांगता येते, ते थिरकवाँसाहेबांविषयी सांगता येते त्याच्या तुलनेत फारच थोडे आहे. याचे कारण त्यांच्या कलेत शोधण्यापेक्षा आपल्या नोंदींच्या पद्धतीत शोधणे अधिक न्याय्य होईल.

येथे रसिकांच्या वादाचे मूल्य लक्षात येते. छापील पुस्तकाने, तबकडीने व जाहिरातीने जी नावे सोडून दिली, ती ‘पण सारंगीवर कोण होते ते बघा’ अशा एका वाक्याने पिढ्यान्‌पिढ्या पुढे गेली. आपल्या आवडत्या संचाची बाजू मांडण्यासाठी रसिकाला साथीदाराचे नाव घ्यावेच लागते. त्याच्या मतात अतिशयोक्ती असेल, आठवणीत कालविपर्यास असेल. परंतु नाव टिकते. समीक्षकाने या वादाला हसून बाजूला सारले, तर साथीच्या इतिहासाचे एक प्रमुख साधन तो गमावतो.

अर्थात स्मृतीला प्रमाण मानताना सावधगिरी हवी. माणूस ज्या वयात प्रथम गाणे ऐकतो, त्या वयाचा संच त्याला श्रेष्ठ वाटतो. तसेच एखाद्या वादकाची पुढील कीर्ती मागील आठवणीवर आपला प्रकाश पाडते. शिवाय आज जे वाद घालतात, त्यांपैकी कोणीही १९२० च्या दशकातील प्रयोग पाहिलेला नाही. ते ऐकीव आठवणींचे वारसदार आहेत. म्हणून या वादाला साक्ष मानावे, निकाल मानू नये.

समारोप

प्रस्तुत लेखकाचे मत विचारल्यास, बखले यांच्या ख्यालप्रधान पदांसाठी थिरकवा–कादरबक्ष–कांबळे हा संच अधिक योग्य वाटतो. कारण आधार, अनुसरण व लय ही तिन्ही कामे त्यात स्वतंत्रपणे व परस्परपूरकतेने होत. ‘मानापमान’च्या पदांबाबत टेंबे-पक्षाचे म्हणणे मान्य करण्यास प्रत्यवाय नाही. उत्तरकाळातील मोजक्या साथीतील भजनांचे आकर्षण खरे आहे, पण तेथे नाटकाची गरज संपलेली असल्याने ती तुलना वेगळ्या निकषांवर करावी लागेल.

तथापि यापेक्षा अधिक निकडीचे काम नोंदींचे आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ च्या अखेरीस धुळे येथे निधन झाल्यावर लगेचच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ या गावी उभे राहिले आणि घरोघरच्या दप्तरांतील कागद हे इतिहासाचे साधन आहे, हा त्यांचा आग्रह खानदेशाने जपला. हाच आग्रह संगीत रंगभूमीच्या बाबतीत धरता येईल. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव येथील जुन्या घरांत नाटकांच्या हस्तपत्रिका, तबकड्या, मुक्कामाचे व उताराचे हिशेब आजही सापडण्याचा संभव आहे. नाटक मंडळीच्या हिशेबाच्या वहीत नटांबरोबर तबलजी व सारंगिये यांचे पगारही लिहावे लागत. जाहिरातीत न आलेले नाव तेथे सापडू शकते. महाविद्यालयांतील मराठी, इतिहास व संगीत विभागांनी एकत्र येऊन असे कागद जमविले, वृद्ध रसिकांकडील ऐकीव माहिती ध्वनिमुद्रित केली व प्रत्येक नोंदीपुढे ती कोणाकडून व केव्हा मिळाली हे लिहून ठेवले, तर पुढील अभ्यासकाला केवळ स्मृतीवर विसंबावे लागणार नाही.

ज्या गावात एका बालकाला महबूबखाँ यांनी स्वरांची ओळख करून दिली, त्या गावाने साथीदारांच्या नोंदीचे काम हाती घ्यावे, हे उचित होय. तोपर्यंत रसिकांचा वाद चालू राहणे इष्ट आहे; मात्र त्यात भाग घेणाऱ्याने गायकाबरोबर ऑर्गनवाल्याचे, सारंगियाचे आणि तबलजीचेही नाव घ्यावे, एवढीच अपेक्षा आहे.